विमानापुढचा नारळ

भानुमतीबाईंनी नारळ टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला, वर थर्मास आणि त्याच्यावर शाल. सदाशिवराव तेव्हा खाली गाडीच्या टपावर विमानाचे पंख बांधत होते, त्यामुळं बघायला कोणी नव्हतं. अख्खी नोकरी मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यात आणि दप्तरं तपासण्यात गेलेली. लपवणारी मुलगी कुठं फसते हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. वस्तू लपवणं सोपं, चेहरा लपवणं अवघड. म्हणून त्या चेहऱ्यावर चांगला जाडजूड कंटाळा आणून गाडीत जाऊन बसल्या.

नारळाला बंदी होती. आठवडाभर सदाशिवराव बजावत होते, "फूल नको, अक्षता नकोत, नारळ तर मुळीच नको. जेट इंजिन श्वास घेतं तेव्हा समोर असेल ते पोटात ओढतं. खडा म्हणत नाही, चिंधी म्हणत नाही." बाईंनी मान डोलावली होती. पण दोघांच्या आजवरच्या संसारात या घरातून नारळ न फोडता एकही वाहन बाहेर पडलं नव्हतं. लूना आली तेव्हा फोडला, स्कूटर आली तेव्हा फोडला, मुलाच्या तीनचाकी सायकलपुढंसुद्धा फोडला. आणि आता जे चाललं होतं ते तर जमिनीवरही थांबणार नव्हतं. त्याला तसंच कोरडं पाठवायचं? विषाची परीक्षा घ्यायचीच कशाला?

हे विमान म्हणजे एका जुन्या विमानाची प्रतिकृती. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी जर्मनांनी जे जेट लढाऊ विमान आकाशात सोडलं, मेसरश्मिट दोनशे बासष्ट, त्याची. लहान म्हणायची ती मूळच्या मानानं. पुंडलिकनगरच्या घराचा जिना उतरवताना पंख वेगळे काढावे लागले होते. पंखांखालची दोन इंजिनं तेवढी विकत आणलेली, तांब्याएवढी, पण खरीखुरी, रॉकेल पिणारी. बाकी कणन्‌कण हातचा. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळलेल्या माणसानं निवृत्तीनंतर काय करावं? कॉलनीत भजनी मंडळ होतं, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा होता. सदाशिवरावांनी वरच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि वर्षानुवर्षं हेच केलं.

सुरुवातीला बाई जेवताना नुसतं "हं" म्हणत. पण माणूस एखाद्या गोष्टीबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलत असला की ऐकणाऱ्यालाही लागण होते. साऱ्या जगाची लढाऊ विमानं तेव्हा पुढं पंखा गरगरवत उडत होती. आणि एक दिवस ढगांतून हे आलं. पुढं पंखा नाही, पंख मागं झुकलेले, नाकात चार तोफा, आणि वेग ताशी आठशे सत्तर किलोमीटर. मागं लागणाऱ्यांना मागं लागताच येईना. सदाशिवराव हे सांगताना हातातला घास तसाच धरून बसत, आणि बाईंच्याही अंगावर काटा येई. पुढं साऱ्या जगानं ज्या वाटेनं जायचं, ती वाट या विमानाला आधीच दिसली होती.

"मग हरले कसे?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"एकट्या विमानानं युद्ध जिंकतात होय? आणि याच्या पोटातच रोग होता. इंजिनातली आग सोसायला निकेल हवं, क्रोमियम हवं. ते मिळेना. मग साध्या पोलादी पत्र्यावर ॲल्युमिनियमचा लेप दिला, पाती पोकळ करून आतून वारा खेळवला. उपाशी घरातल्या सुगरणीचा स्वयंपाक आहे तो, भानू. चव अशी की जगात नाही, पण पुरवठ्याला येत नाही. दहा-पंचवीस तास चाललं की इंजिन खलास. उतरताना तर गरीब गाय. शत्रूची विमानं धावपट्टीशीच टपून बसायची."

"एवढं पळणारं, आणि उतरताना गाय का?"

"कारण एकदा वेग कमी केला की पटकन वाढवता येत नाही. घाईनं वेगाचा दट्ट्या पुढं ढकलला तर तेल जास्त, हवा कमी. एक तर भडका, नाहीतर इंजिन विझलंच."

"म्हणजे आमचा पंपाचा स्टो," बाई म्हणाल्या. "बर्नर तापायच्या आधी पंप मारला की भडका वर."

सदाशिवराव घास विसरून बायकोकडं बघत राहिले होते. मग म्हणाले, "अगदी तोच." त्या दिवसापासून वरच्या खोलीत बाईंना चहाशिवायही जायची मुभा मिळाली.

पण एक प्रश्न त्यांनी असा विचारला की खोलीतली हवाच बदलली. "हे बांधलं कोणी? म्हणजे हातांनी?" सदाशिवरावांनी कानस पुसत पुसत सांगितलं. डोंगरात खोदलेल्या भुयारांत, जंगलात लपवलेल्या कारखान्यांत, छळछावण्यांतल्या कैद्यांनी. उपाशीपोटी. कितीतरी तिथंच मेले. बाई संतापल्या. "आणि हे पाप तुम्ही माझ्या घरात आणून ठेवलंत?" त्यावर सदाशिवराव आवाज न चढवता म्हणाले, "डोकं एवढं मोठं आणि काळीज एवढं कोतं, एकाच जागी कसं राहतं, हे मला कळत नाही. म्हणून हात लावून बघतोय." शेपटीवर त्या राजवटीची तिरक्या स्वस्तिकाची खूण त्यांनी रंगवली नव्हती. तिथं कोरा राखाडी रंग होता.

तो हात लावून बघणारा उजवा हातच गेल्या वर्षी दगा देऊ लागला. आधी चहाच्या कपाची बशी वाजायची. मग पेपर वाचताना कागद फडफडायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, हळूहळू वाढेल म्हणाले. आणि मग शेजारच्या रूपालीकडं सत्यनारायण झाला. गुरुजींनी तळहातावर तीर्थ घातलं, हात थरथरला आणि सगळं तीर्थ पुढच्या माणसाच्या सोवळ्यावर. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम दुसरीकडं बघितलं, ते हसण्याहून वाईट होतं. त्यानंतर सदाशिवराव कोणाकडं तीर्थप्रसादाला गेले नाहीत. बाई एकट्या जात आणि वाटीत प्रसाद घेऊन येत. चारचौघांत उजवा हात पँटच्या खिशात असे, जणू तिथं काही जपून ठेवलंय.

विमान आज मात्र ते स्वतः उडवणार होते. त्यावर बोलायची सोय नव्हती.

बाईंनी म्हणून दुसरी लपवाछपवी केली होती, नारळाहून मोठी. विश्वजीत हा सदाशिवरावांचा टूलरूममधला चेला, फुलंब्रीचा. अजून वाळूजलाच नोकरीला, आणि असली विमानं उडवण्यात सरांच्याच हाताखाली तयार झालेला. परवानगीचे सोपस्कार त्यानंच उरकले होते. बाईंनी त्याला गाठून सांगितलं, "विमान तुझ्या रिमोटला बांध. सरांच्या हातात दुसरा दे. ते उडवतील, पण त्यांचा हात बिघडला की तू बटण दाबून ताबा घ्यायचास. त्यांना कळता कामा नये. मी त्यांच्या उजवीकडं उभी राहते. मी 'घे' म्हटलं की घे." विश्वजीतला ते पटलं नव्हतं, पण बाईंपुढं त्याचं काय चालणार? आयुष्याची कमाई हाताच्या एका झटक्यानं मातीत गेली तर हा माणूस त्या मातीतून उठणार नाही, एवढीच बाईंना भीती होती.

फुलंब्रीच्या अलीकडं विश्वजीतच्या वडिलांचं, तात्यासाहेबांचं शेत होतं. त्याला लागून कोणीतरी प्लॉटिंग पाडलेलं. प्लॉट विकले गेले नाहीत, पण डांबरी रस्ता होऊन बसला होता: सरळसोट, रिकामा, दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी. विमानाला याहून चांगली धावपट्टी कुठली? थंडीची कोवळी उन्हं पडली होती. तात्यासाहेब फेटा बांधून आले होते आणि त्यांच्या पत्नी आशाबाई आरतीचं ताट घेऊन.

तात्यासाहेबांनी विमानाभोवती एक फेरी मारली. "साहेब, लई देखणं हाय की वो! असली खरी इमानं सुरू कशी करायचे?"

"प्रत्येक इंजिनाच्या नाकात एक छोटं इंजिन असायचं. दोरी ओढून ते सुरू करायचं, मग ते मोठ्याला जागवायचं."

"म्हंजी आपल्या हिरीवरच्या इंजिनावानी?" तात्यासाहेबांना परमानंद झाला. "बघ गं, जर्मनबी दोरीच वढत व्हता!"

आशाबाईंनी बोटावर कुंकू घेतलं आणि विमानाच्या नाकावर स्वस्तिक काढायला हात नेला. बाईंनी तो हळूच धरला. "याच्यावर ते नको, आशाबाई. नुसतं बोट टेकवा. का ते सावकाश सांगते." आशाबाईंनी मुकाट्यानं कुंकवाचं बोट टेकवलं. इंजिनांच्या तोंडांवर लाल झाकणं होतीच.

सदाशिवराव आणि विश्वजीत रॉकेलचा डबा आणायला गाडीकडं गेले. एवढीच संधी होती. बाईंनी पिशवीतून नारळ काढून तात्यासाहेबांच्या हातात ठेवला.

"व्हय बाई, म्या तेच म्हणायलो व्हतो! नारळाबिगर गाडी सोडायची म्हंजी काय?"

"लवकर. आणि झाकणं आहेत तोवरच. नंतर सगळं नीट झाडून घ्या."

तात्यासाहेबांनी दणक्यात नारळ रस्त्यावर आपटला. आशाबाईंनी उरलेलं पाणी तांब्यात धरलं. भकलं गोळा झाली, तात्यासाहेबांनी खराट्यानं रस्ता झाडला, बाईंनी वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं. करवंटीचा एक कपचा उडून पार पुढं, जिथं विमान भरवेगात येणार तिथं जाऊन पडला होता. काळ्या डांबरावर तो कोणाला दिसला नाही.

मग झाकणं निघाली. सदाशिवरावांनी उजवा हात खिशातून काढला आणि रिमोट धरला. बाई ठरल्याप्रमाणं त्यांच्या उजवीकडं उभ्या राहिल्या. पलीकडं विश्वजीत, दुसरा रिमोट पोटाशी धरून.

आधी बारीक शीळ आली. मग ती चढत गेली, चढतच गेली, कान संपला तरी ती संपेना. रॉकेलचा वास आला, बाईंच्या माहेरच्या स्वयंपाकघराचा. इंजिनांच्या मागची हवा थरथरू लागली आणि तिच्या पलीकडची ज्वारी पाण्यात असल्यासारखी हलू लागली. सदाशिवरावांचा अंगठा दट्ट्यावर होता. पुढं सरकत होता, पण इतका सावकाश की सरकतोय हे बोटाकडं बघून कळेना, आवाजावरून कळे. विमान निघालं. धावलं. कुठंतरी "टक्" असा बारीक आवाज झाला, बाईंना वाटलं चाकाखाली खडा आला असेल. आणि पुढच्याच क्षणी चाकं आणि डांबर यांच्यामध्ये ऊन दिसलं.

ते वर गेलं. त्यात कुठं धडपड नव्हती, पंख मारणं नव्हतं, कष्टाचं काही चिन्हच नव्हतं. तुरीच्या शेतावरून ते वळलं तेव्हा मागं झुकलेले पंख एकदा लखकन चमकले. मग ते त्यांच्याकडं तोंड करून आलं, आणि येताना अगदी मुकं आलं. डोक्यावरून गेलं आणि मग आवाज आला, आकाश उभं फाडत. ओढ्याकाठचे बगळे एकदम उठले. आशाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. तात्यासाहेबांनी फेटा सावरत मान मागं टाकली.

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. त्यांना आनंद झाला होता, भीती वाटत होती, आणि या दोन्हींहून मोठं काहीतरी छातीत मावत नव्हतं. माणसाला हे सुचलं! लोखंडाच्या नळकांड्यात आग कोंडून तिच्यावर स्वार व्हायचं, हे कोणाच्या तरी डोक्यात आलं, आणि तेही जवळ धड धातू नसताना! मग त्यांना भुयारातली ती माणसं आठवली, ज्यांनी खिळा न्‌ खिळा ठोकला आणि ज्यांतल्या कितीतरी जणांना हे उडताना बघायला मिळालं नाही. इतकं सुंदर काही इतक्या वाईट घरात जन्माला येतं, आणि तरी सुंदरच असतं. याचं काय करायचं ते बाईंना कळेना. त्या नुसत्या बघत राहिल्या.

आणि शीळ बिघडली.

आधी त्यात एक खरखर आली. मग दोन आवाजांतला एक अडखळला, घरघरला आणि गेला. डाव्या पंखाखालून पांढऱ्या धुराची रेघ निघाली. विमान डावीकडं ओढलं गेलं, एखाद्यानं बाही धरून खेचावं तसं. तो "टक्" खड्याचा नव्हता, हे बाईंना आत्ता, या क्षणी कळलं.

"डावं गेलं," सदाशिवराव म्हणाले.

विश्वजीतनं त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यानं बाईंकडं बघितलं. त्याचा अंगठा बटणावर होता.

बाईंनी नवऱ्याचा उजवा हात पाहिला. वर्षभर त्या तो हात बघत आल्या होत्या: बशीवर, वर्तमानपत्रावर, मांडीवर. पण तो सगळा वेळ हात रिकामा होता, विसावलेला होता. वरच्या खोलीत पंखाची फासळी चिकटवताना तो कधी हलला होता? सुईच्या टोकाएवढ्या खिळ्यावर हातोडी मारताना? आत्ता तो हात कामात होता. रिमोटच्या काठीवर अंगठा आणि बोट होतं, आणि ती दोन्ही दगडासारखी स्थिर होती.

"बाई?" विश्वजीत पुटपुटला. "घेऊ?"

विमान आता रस्त्याच्या रेषेत येत होतं, खाली खाली, एका अंगावर कललेलं. बाईंच्या जिभेवर "घे" हा शब्द तयार होता. एवढी वर्षं ज्याला सांभाळायचं त्याच्या हातातून वस्तू काढून घ्यायची, हीच त्यांची माया होती. त्यांनी शब्द गिळला.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं त्यांना करू दे."

विमान फारच खाली आलं. तुरीचे शेंडे हलले. विश्वजीतचा धीर सुटला. "सर, पॉवर द्या! पॉवर!"

"नाही," सदाशिवराव शांतपणे म्हणाले. "एकाच बाजूला जोर आहे. आत्ता ढकललं तर गिरकी घेईल." आणि त्यांचा अंगठा सरकला, केसभर. मग आणखी केसभर. जिवंत इंजिनाची शीळ कुरकुरत, रुसत, पण हळूहळू वर आली. विमानानं नाक किंचित उचललं. तुरीची शेवटची ओळ त्यानं ओलांडली, रस्त्यावर आधी मागची चाकं टेकली, मग पुढचं. पुढचं चाक डांबराच्या एका सांध्यावर आदळलं आणि मोडलं. विमान नाकावर घासत गेलं, ठिणग्या उडवत, आणि रस्त्याच्या कडेला तिरकं होऊन थांबलं.

कोणी हललं नाही. मग तात्यासाहेबांचा कंठ फुटला. "आलं! आवं, आलं की परत!"

सदाशिवराव चालत गेले, गुडघ्यावर बसले. "पुढचं चाक," ते म्हणाले. "खऱ्याचंही तेच दुखणं होतं." मग त्यांनी डाव्या इंजिनात डोकावून पाहिलं, आतली पाती तुटलेली होती. इंजिनाच्या तोंडाशी अडकलेला एक तपकिरी तुकडा त्यांनी चिमटीत काढला, उन्हात धरला, हुंगला.

"नारळ," ते म्हणाले.

तात्यासाहेबांना अचानक ज्वारीत काहीतरी महत्त्वाचं दिसलं आणि ते तिकडं बघू लागले.

"मी आणला होता," बाई म्हणाल्या. "त्यांनी नुसता फोडला. तुम्ही नको म्हटलेलं असूनही आणला. मला वाटलं, एवढं दूर जातंय, तसंच कसं पाठवायचं?"

सदाशिवराव कपचा बघत राहिले. बाईंना त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त खांदे दिसत होते, आणि ते हलत होते. ते रडताहेत असं वाटून त्या पुढं झाल्या. ते हसत होते.

"त्यांना निकेल मिळालं नाही," ते म्हणाले, "आणि मला नारळ मिळाला." मग हसू आवरून त्यांनी मान वर केली. "विश्वजीत, विमान तुझ्या रिमोटला बांधलेलं होतं. मला कळणार नाही असं वाटलं का रे? ही जोडणी तुला शिकवली कोणी?"

विश्वजीत जमिनीकडं बघत म्हणाला, "तुम्हीच, सर."

"मग इंजिन गेल्यावर ताबा घेतला का नाहीस? मी वाट बघत होतो. आत्ता जाईल हातातून, आत्ता जाईल."

"बाई नाय म्हणल्या."

सदाशिवराव बायकोकडं वळले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी आपल्याकडं असं कधी बघितलं होतं, ते बाईंना आठवेना.

आशाबाई पुढं आल्या. एका हातात खोबऱ्याची ताटली, दुसऱ्यात नारळाच्या पाण्याचा तांब्या. सत्यनारायणाच्या दिवसाचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "घ्या साहेब, तीर्थ घ्या. देवानंच परत आणलं म्हणायचं."

रिमोट आता डांबरावर ठेवलेला होता आणि हात मोकळा झाला होता. तो थरथरू लागला होता, चांगला दिसेल इतका. बाई सवयीनं वाटी शोधायला पिशवीकडं वळल्या.

"वाटी नको," सदाशिवराव म्हणाले.

त्यांनी उजवा हात सगळ्यांच्या देखत पुढं केला. आशाबाईंनी तीर्थ घातलं. अर्धं डांबरावर सांडलं, थोडं तात्यासाहेबांच्या जोड्यावर उडालं. उरलेलं सदाशिवरावांनी पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि पुन्हा पुढं धरला.

"अजून द्या," ते म्हणाले.